प्याल्यात उरलेलं

मावशींनी रुमाल बादलीतून वर काढला, दोन्ही हातांनी ताणून खिडकीच्या उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. डाग गेला नव्हता. गडद तांबडा, ओठांच्या आकाराचा, कडेला थोडा पसरलेला. हा चर्चच्या सेक्रेटरींच्या बायकोचा, सेक्रेटरीणबाईंचा. मागच्या महिन्यात त्यांनी नवी लिपस्टिक घेतली होती आणि ती लिंबाला, सोड्याला, उकळत्या पाण्याला, कशालाच दाद देत नव्हती. मावशींनी साबणाची वडी पुन्हा त्यावर खसाखसा घासली.

"देवाच्या दारी जाताना तरी तोंड पुसून जावं माणसानं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

असे सहा रुमाल होते. पांढरे, चौकोनी, जाड सुताचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. चांदीचा एकच मोठा प्याला, आणि वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकलेल्या साऱ्या मंडळीच्या ओठांना तो एकामागून एक लागे. एकाचा घोट झाला की रुमालानं काठ पुसायचा, प्याला जरासा फिरवायचा आणि पुढच्याच्या तोंडाला लावायचा. ते रुमाल घरी आणून धुणं, त्यांना कडक इस्त्री करणं, प्याला घासूनपुसून कपाटात ठेवणं हे काम मावशींचं. अडतीस वर्षं झाली. सगळं चर्च त्यांना मावशीच म्हणे, त्यांच्याहून वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा.

इतक्या वर्षांत त्या मंडळीला चेहऱ्यांपेक्षा डागांवरून जास्त ओळखू लागल्या होत्या. मिशांना कलप कोण लावतं, हिरड्यांतून रक्त कुणाच्या येतं, तपकीर सुटली म्हणून साक्ष देणाऱ्या कुणाची तपकीर सुटलेली नाही. वर वेदीपाशी सगळे डोळे मिटून, हात जोडून, कोकरासारखे. आणि खाली बादलीत हे असं.

दाराची बेल वाजली. पाळक आणि सेक्रेटरी आले होते. पाळक तरुण होते, दोन वर्षांपूर्वीच या चर्चला आलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. सेक्रेटरींनी नाकाला रुमाल लावला होता. त्याला अत्तराचा भपका येत होता.

"सर्दी झालीय जरा," ते रुमालाआडून म्हणाले.

ही सर्दी त्यांना या घराच्या पायरीवर होत असे आणि पायरी उतरली की बरी होत असे. मावशींनी गेल्या पाच महिन्यांत ती तीनदा पाहिली होती.

घराला वास होता, हे खरंच होतं. फिनेल, जखम धुवायचं औषध आणि त्या दोघांच्या खालून येणारा एक गोडसर, कुजका वास. मावशींनी पडदे धुतले, गाद्यांना उन्हं दाखवली, उदबत्त्या लावल्या. वास गेला नाही. तो मास्तरांच्या तोंडातून येत होता, आणि मास्तर घरातच होते.

मास्तर म्हणजे मावशींचे यजमान. शाळेत गाणं शिकवायचे आणि चर्चची गायनमंडळी एकतीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती. त्यांचा खर्जातला आवाज लागला की मागच्या बाकावरची पोरं चुळबुळ थांबवत. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या जबड्याचं हाड काढलं. हाडाबरोबर गालाचा तुकडा गेला, जिभेचा काही भाग गेला. आता ते दोन-चार शब्द कसेबसे बोलत, बाकीचं पाटीवर लिहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण मावशींना बाजूला घेऊन विचारी, "तंबाखू खायचे का हो?" कधीच नाही, असं कळल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा पडे. हे आपल्याला होणारं नाही, एवढंच त्यांना ऐकायचं असे.

"उद्या मास्तर येणार म्हणे," सेक्रेटरी म्हणाले.

"येणार."

"आनंद आहे. फार आनंद आहे. मंडळीनं किती प्रार्थना केल्या त्यांच्यासाठी."

केल्या होत्या. मावशींनी त्या ऐकल्या होत्या. दर रविवारी सेक्रेटरी उभे राहून आजाऱ्यांची नावं घेत आणि मास्तरांपाशी आले की त्यांच्या वाणीला बहर येई. हे प्रभो, त्यांच्या मुखातली ती सडलेली गाठ, तो पू, ती दुर्गंधी तू दूर कर. बायका हातरुमाल तोंडाशी नेत. मावशी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसत आणि आपल्या नवऱ्याचं तोंड सत्तर माणसांपुढे उघडं करून दाखवल्यासारखं त्यांना वाटे. मग सगळे मिळून आमेन म्हणत.

"पण कसं आहे मावशी," सेक्रेटरी खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले, "तुम्ही समजूतदार आहात. प्याला एक, तोंडं सत्तर."

"डॉक्टरांनी सांगितलंय, हा लागट रोग नाही. मी तीनदा विचारलं. शेवटी त्यांनी लिहूनच दिलं."

"लागट नाही, मला कळतं ना. मी शिकलेला माणूस आहे. पण बाकीच्यांना कोण समजावणार?"

"तुम्ही समजवा की. शिकलेले आहात."

पाळक उगाच खाकरले. सेक्रेटरींनी खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून एक टोपण. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं ते, मापाचं. आतून पाच, दहा, पंधरा अशा रेघा असलेलं.

"हिनं मुद्दाम उकळून दिलंय. मास्तरांना यातून देऊ. बाकी सगळं तेच, प्रार्थना तीच, रस तोच. प्याला फिरवायला कंपाउंडरकाका आहेतच. त्यांना मापाची सवय आहे." आपल्या या बोलण्यावर सेक्रेटरी थोडे हसले.

"भांडं कुठलं का असेना, प्रभू तोच," पाळक मावशींच्या खांद्याला म्हणाले.

मग तुम्ही घ्या की त्यातून, हे मावशींच्या अगदी जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. गिळण्याची त्यांना सवय होती.

"ठेवा तिथं टेबलावर. माझे हात ओले आहेत."

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. पाहुणे गेल्यावर मावशींनी ते ढकललं. मास्तर खिडकीशी बसले होते, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पाटी. सगळं ऐकलं होतं त्यांनी. पाटीवर लिहिलं होतं, "चालेल. मला यायचंय."

"तुम्हाला चालेल हो. मला नाही चालणार. असल्या टोपणातून मांजराला औषध पाजतात."

मास्तरांनी बाहीनं पुसलं आणि लिहिलं, "मांजर तर मांजर."

त्यांचे डोळे हसले असावेत. मावशींनी तोंडाकडे पाहिलं नाही. पाच महिन्यांत त्यांनी फक्त डोळ्यांकडे बघायचं शिकून घेतलं होतं. जखम धुताना बघावं लागे, तेव्हा त्या स्वतःला सांगत की हे भांडं आहे, घासायला घेतलंय. हात सगळं नीट करत. पण जेवणाचं जमत नव्हतं. मास्तरांचं जेवण म्हणजे गाळलेलं, पातळ, चमच्याचमच्यानं. अर्धं आत जाई, अर्धं लाळेबरोबर हनुवटीवरून टॉवेलवर येई, आणि त्याचा एक आवाज होई. पहिल्याच दिवशी मावशींच्या घशात घास अडकला आणि त्या उठून मोरीत गेल्या. दुसऱ्या दिवशी दूध उतू जातंय म्हणून उठल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानंच जेवू लागल्या. चव्वेचाळीस वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवली होती. आता रोज नवं निमित्त. डाळ करपेल, नळाला पाणी येईल, धाकट्या मुलीचा फोन येईल.

मग एके दिवशी त्यांना दिसलं की मास्तरांनी जेवताना आपली खुर्ची फिरवून घेतली आहे. भिंतीकडे तोंड, स्वयंपाकघराकडे पाठ. पाटीवर त्याबद्दल एक अक्षर नाही. दोघांनी मिळून ती गोष्ट तिथंच ठेवून दिली.

मुकाट्यानं प्रार्थना करताना मात्र ती आडवी येई. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी देवाकडे एकच गोष्ट मागितली होती, माणूस राहू दे. हाडं ने, आवाज ने, माणूस तेवढा ठेव. देवानं शब्द पाळला होता. मागितलं ते मिळालं होतं, आणि जे मिळालं होतं ते त्यांना बघवत नव्हतं. सेक्रेटरींच्या नाकावरच्या रुमालाचा त्यांना राग येई, आणि राग आला की लगेच ओट्यावरचं आपलं ताट डोळ्यांपुढे येई. मग कुणाची शिसारी जास्त येते, त्यांची की आपली, हे कळेनासं होई.

त्यांनी रुमाल पिळले आणि दोरीवर घातले. डाग फिका झाला होता. गेला नव्हता.

रुमाल धुणं ही त्यांच्या कामातली सोपी बाजू होती. अवघड होतं ते प्याल्यात उरलेलं. आशीर्वाद दिलेला द्राक्षारस मोरीत ओतायचा नाही, झाडाला घालायचा नाही, बाटलीत परत भरायचा नाही. प्याला सांभाळणाऱ्यानं तो पिऊन संपवायचा, असा या चर्चचा पहिल्यापासूनचा नियम. हे काम मावशींच्या हाती दिलं ते त्या वेळच्या म्हाताऱ्या पाळकीणबाईंनी. त्या म्हणाल्या होत्या, "डोळे मीट आणि एका दमात पी. आत बघायला जाऊ नकोस."

मावशींनी पहिल्याच वेळी आत पाहिलं. मनुका उकळून त्यांनी स्वतः केलेला रस, पण आता त्यावर तेलकट साय आलेली, तळाशी भिजलेल्या भाकरीचा लगदा, एक केस. सत्तर माणसांचं उष्टं. घरात पोटच्या पोरीचं उष्टं खाताना त्यांना काही वाटत नसे. हे वेगळं होतं. त्यांनी पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि वेदीमागच्या खोलीतून बाहेर येऊन सगळ्यांशी हसून बोलल्या. अडतीस वर्षं तेच. लोक म्हणत, मावशींची सेवा केवढी, हात किती स्वच्छ. प्याल्यात काय उरतं आणि त्याचं काय होतं, हे कुणी कधी विचारलं नाही.

फक्त मास्तरांना माहीत होतं. धाकटीच्या वेळी मावशींना दिवस गेले होते, पाण्यानंही उलटी होत होती. तेव्हा एका रविवारी मास्तर गाण्याची पुस्तकं ठेवायच्या निमित्तानं मागच्या खोलीत आले, त्यांच्या हातातून प्याला घेतला आणि गटागटा पिऊन मोकळे झाले. मिशी पुसून म्हणाले, "यापेक्षा वाईट चहा आमच्या शाळेत मिळतो." सात महिने दर प्रभुभोजनाला ते पुस्तकं ठेवायला येत राहिले. नंतर कधी या गोष्टीचा उच्चार नाही, दोघांकडूनही नाही.

रविवारी सकाळी मास्तरांनी कोट घातला. तो अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. गळ्याभोवती मफलर, डावा गाल झाकेल असा. चर्च चार घरं सोडून होतं, पण पोचायला वेळ लागला. आत आल्यावर मास्तर सरळ आपल्या जुन्या जागेवर गेले, उजवीकडचा दुसरा बाक, गायनमंडळीच्या अंगाला. बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी अतिशय प्रेमानं मास्तरांना जागा करून दिली. इतक्या प्रेमानं की सगळेच्या सगळे उठून मागच्या बाकावर गेले.

"कसं वाटतंय, मास्तर?" कुणीतरी लांबून विचारलं. उत्तरासाठी कुणी थांबलं नाही.

गाणं सुरू झालं. नवी मुलं ओढूनताणून गात होती, तालाच्या मागे. मास्तरांची बोटं गुडघ्यावर ताल देऊ लागली आणि दुसऱ्या कडव्याला कपाळावर आठी पडली. मावशींना ती आठी बघून बरं वाटलं. तेवढी तरी जुनी होती.

प्रभुभोजनाची वेळ झाली तशा मावशी वेदीच्या कडेला आपल्या छोट्या मेजापाशी जाऊन बसल्या, पुढ्यात इस्त्रीचे सहा रुमाल. कंपाउंडरकाकांनी प्याला उचलला. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सरकारी दवाखान्यात उभा जन्म गेलेला. गावातल्या प्रत्येक घराला त्यांच्या हातचं तांबडं औषध माहीत होतं. मापातून औषध पाजायचे, पेशंटनं अर्धं सोडलं तर उरलेलं परत मोठ्या बाटलीत ओतायचे आणि माप बाटलीच्या काठावर दोनदा टकटक आपटायचे. औषध सरकारचं, थेंब वाया जाऊ देणार नाही, असा त्यांचा बाणा. त्या टकटकीवर सगळी पोरं हसायची. आता काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

"आधी मास्तरांना देऊ," पाळक काकांच्या कानाशी म्हणाले. "म्हणजे त्यांना ताटकळायला नको. मग बाकीचे निवांत."

कठड्याशी अजून कुणी आलं नव्हतं. पाळक आणि काका खाली उतरून बाकापाशी गेले. पाळकांनी भाकरीचा कण दिला, प्रार्थना पुटपुटली आणि डोळे मिटले. काकांनी प्याल्यातला रस टोपणात घेतला. टोपण डोळ्यांपुढे धरून दहाच्या रेघेवर आलाय का ते पाहिलं. मग मास्तरांच्या उजव्या ओठाला लावलं, अगदी हलक्या हातानं, दुसऱ्या हातानं हनुवटी सावरून. तोंड वाकडं केलं नाही, श्वास रोखला नाही.

"घ्या. सावकाश. शाबास."

थोडं आत गेलं. थोडं परत आलं, लाळेच्या तारेसकट, टोपणातच. काकांनी तार बोटानं तोडली आणि वळले. आणि मग त्यांच्या हातानं, त्यांना न विचारता, आयुष्यभर केलं तेच केलं. टोपणातलं उरलेलं मोठ्या प्याल्यात ओतलं आणि टोपण काठावर आपटलं.

टक, टक.

मावशी अर्ध्या उठल्या. हातात रुमाल होता. थांबा, हा शब्द तोंडात येऊन उभा राहिला.

पाळकांनी डोळे उघडले होते आणि ते कठड्याकडे परत येत होते. काका शांतपणे मागून येत होते. आपण काय केलं ते काकांच्या गावीही नव्हतं. पहिली रांग गुडघे टेकत होती. टोकाला सेक्रेटरी, त्यांच्या शेजारी सेक्रेटरीणबाई, ओठ ताजे रंगवलेले.

"काय झालं, मावशी?" पाळकांनी हळूच विचारलं.

बोललं की काय होईल ते मावशींना दिसत होतं. प्याला बाजूला ठेवला जाईल. कुजबुज सुरू होईल. एकेक मान वळून दुसऱ्या बाकाकडे बघेल, जिथं एक माणूस एकटाच बसलाय, मांडीवर टॉवेल घेऊन. त्यांनी तिकडे पाहिलं. मास्तरांनी ती टकटक ऐकली होती. त्यांची बोटं गुडघ्यावर थांबली होती आणि ते मावशींकडेच बघत होते.

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "रुमाल द्यायचा राहिला."

त्यांनी रुमाल दिला आणि खाली बसल्या.

सेक्रेटरींनी डोळे मिटून घोट घेतला. काकांनी काठ पुसला, प्याला फिरवला. सेक्रेटरीणबाईंनी रंग जाऊ नये म्हणून ओठ आत ओढले, घोट घेतला, आणि मग आणखी एक, जरा मोठा. पुढचा. त्याच्या पुढचा. मावशींना वाटलं होतं की आपल्याला हसू येईल, निदान बरं तरी वाटेल. तसं काही झालं नाही. माना वर होत होत्या, गळ्यांच्या घाट्या खालीवर होत होत्या, तोंडं आमेन म्हणत होती. यातलीच काही माणसं मघाशी मागच्या बाकावर पळाली होती. आणि ह्यांच्यात काही वावगं आहे म्हणावं तर आपलं ताट ओट्यावर होतं. एकेक रुमाल परत येत होता, मावशी तो घडी करून बाजूला ठेवत होत्या. कुणालाही काही झालं नाही. एक म्हातारी विधवा घोट घेऊन रोजच्यासारखी रडली. बस्.

उपासना संपल्यावर मावशी प्याला घेऊन वेदीमागच्या खोलीत आल्या. पाठोपाठ सेक्रेटरी आले, आज नाकाला रुमाल नव्हता.

"बघा, किती छान पार पडलं! वेगळं ठेवलं म्हणून कुणाच्या मनात काही राहिलं नाही. मास्तरांचाही मान राहिला."

"हो ना," मावशी म्हणाल्या.

"आणि ही म्हणत होती, आज रस फार चांगला झाला होता. मनुका कुठून आणल्या?"

"नेहमीच्याच."

"बरं. ते टोपण तेवढं टाकून द्या. नुसतं टाकू नका, धुऊन टाका. कुणी कचऱ्यातून उचललं तर."

"टाकते."

ते गेले. मावशींनी दार लोटलं आणि प्याला खिडकीशी नेला. आज त्यांनी डोळे मिटले नाहीत. तीच साय, तोच लगदा. काठावर तांबडा ओठ. त्यात मास्तरांचं कुठलं आणि बाकीच्यांचं कुठलं, ते काही ओळखू येत नव्हतं. घशाशी नेहमीसारखंच आलं. त्यांनी प्याला तोंडाला लावला, एका दमात नाही, थांबून थांबून, तीन घोटांत संपवला. मग काठ पुसला. सहावा रुमाल.

घरी येईपर्यंत मास्तर दमले होते. मावशींनी त्यांना टेबलाशी बसवलं, मफलर सोडला आणि स्वयंपाकघरात जाऊन गाळलेलं सूप गरम केलं. बाहेर पाटीवर पेन्सिल वाजत होती. वाडगा घेऊन त्या आल्या तेव्हा मास्तरांनी पाटी वर धरली होती.

"कंपाउंडर!"

आणि मास्तर हसू लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, आणि उरलेलं अर्धं तोंड जमेल तसं हसत होतं. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. टॉवेल खाली पडला होता. मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, रुमालांची पिशवी जवळच खुर्चीवर होती. त्यातला वरचा रुमाल काढून त्यांनी मास्तरांची हनुवटी पुसली. पांढरा जाड रुमाल, एका कोपऱ्यात तांबडा डाग. पुसून तो परत बाकीच्यांत टाकला.

मास्तर हसायचे थांबले. त्यांनी वाडगा जवळ ओढला आणि मग, रोजच्या सवयीनं, खुर्ची फिरवायला लागले. भिंतीकडे तोंड, स्वयंपाकघराकडे पाठ.

मावशी आत गेल्या. ओट्यावर त्यांचं ताट वाढून ठेवलेलं होतं. त्यांनी ते उचललं, बाहेर आणलं. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये हातभरच जागा होती. त्यांनी स्टूल आडवं करून पलीकडे सरकवलं, पदर आवरला आणि अंग चोरून त्या फटीत शिरल्या. पाठ भिंतीला लागली, गुडघे टेबलाला. समोर मास्तरांचं तोंड, हाताच्या अंतरावर.

मास्तरांचा चमचा वाडग्यातच राहिला.

"जेवा," मावशी म्हणाल्या. "गार होतंय."

मास्तरांनी पाटीकडे हात नेला, मग मागे घेतला. चमचा उचलला. तो आवाज सुरू झाला. मावशींनी घास घेतला, चावला, आणि तो घशाशी येऊन अडला. त्या उठल्या नाहीत. उठायला जागाच नव्हती. समोर बघत त्या थांबल्या, बराच वेळ, आणि मग घास खाली गेला.